पुस्तकांचे कपाट आणि किल्लीचा प्रश्न

पालम (जि. परभणी) : मुंबई-पुण्यातील आंतरराष्ट्रीय शाळांच्या ग्रंथपालांना मुलांच्या वाचनाविषयी काही अडचण आली, तर सल्ला घेण्यास देशोदेशींचे समव्यवसायी उपलब्ध असतात. शालेय ग्रंथपालांची आंतरराष्ट्रीय संघटना १९७१ मध्येच स्थापन झाली. पालम तालुक्यातील जिल्हा परिषद शाळेच्या गुरुजींनी मात्र असा प्रश्न कोणाला विचारावा?

मुळात येथे ग्रंथपालाचे पदच नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक शाळेत वृत्तपत्रे, नियतकालिके व गोष्टींच्या पुस्तकांसह ग्रंथालय बंधनकारक केले. ते चालविणाऱ्या माणसाचा उल्लेख मात्र त्यात नाही. माध्यमिक शाळेतही पूर्णवेळ ग्रंथपाल हवा, तर राज्याच्या निकषांनुसार हजारांहून अधिक विद्यार्थी लागतात. खेड्यात एवढी मुले आणायची कोठून? परिणामी किल्ली वर्गशिक्षकाकडे जाते आणि पुस्तक फाटल्यास जाब द्यावा लागेल, या धास्तीने अनेक ठिकाणी कपाट बंदच राहते.

वास्तविक शिक्षकांचे जाळे येथेही आहे. साधारणतः दहा शाळांमागे एक केंद्र, त्यावर केंद्रप्रमुख आणि शिक्षकांची शिक्षण परिषद. (तिचा बराच वेळ परिपत्रकांतच जातो, हा भाग वेगळा.) कोणत्या इयत्तेने कोणते पुस्तक हातोहात नेले, यावर तेथे अर्धा तास चर्चा झाली आणि पुस्तकांच्या पेट्या शाळाशाळांतून फिरू लागल्या, तर त्यासाठी नवे पद लागणार नाही. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली अनुदान घेणारी सार्वजनिक वाचनालयेही यात सहभागी होऊ शकतील. मात्र फाटलेल्या पुस्तकाची वसुली शिक्षकाकडून होणार नाही, असे गटशिक्षणाधिकाऱ्यांनी आधी लेखी द्यावयास हवे.