रबरी होडीची निगा

जुलै २०२३ मध्ये संग्रामपूर व जळगाव जामोद तालुक्यांतील गावांत पुराचे पाणी शिरले. अशा वेळी हवेने फुगणारी होडी मोठाच आधार होय. परंतु पूर ओसरताच ती ओलीच गुंडाळून कोठीत टाकली, तर खरेदीचा पैसा व्यर्थ गेला. ओल्या घडीस बुरशी धरते. उंदरांना तर ज्वारीच्या पोत्याइतकीच ती प्रिय! रेती त्याहून घातक, कारण तळ व नळ्यांच्या सांध्यात अडकून ती कापड झिजविते. यास्तव होडी स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत वाळवावी. हे काम एकाच नेमलेल्या इसमाकडे असावे. वैशाखात त्याने ती फुगवून साबणाचे पाणी लावून पाहावी आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी हवा तपासावी. उतरली असल्यास ठिगळ तेव्हाच लावावे. मृगाच्या दमट हवेत ते नीट चिकटत नाही.