माहिती पुसण्याची किंमत

‘माहिती म्हणजेच ऊर्जा’ हे वाक्य हल्ली सर्रास ऐकू येते. ते चुकीचे आहे. ज्या शोधाचा आधार त्याला दिला जातो, तो मात्र विसाव्या शतकातल्या सर्वांत खोल शोधांपैकी एक आहे आणि अशा ढोबळ वाक्यांनी त्याचे नुकसानच होते. १८६७ साली जेम्स क्लर्क मॅक्सवेल यांनी पीटर टेट यांना लिहिलेल्या पत्रात एका काल्पनिक जीवाची कल्पना मांडली. वायूने भरलेल्या पेटीत मधोमध पडदा, पडद्याला झडप. हा जीव वेगवान रेणूंना एका बाजूला जाऊ देतो, मंद रेणूंना दुसऱ्या. कोणतेही काम न करता, निव्वळ माहितीच्या जोरावर, एक बाजू तापते, दुसरी निवते आणि उष्मागतिकीचा दुसरा नियम मोडीत निघतो. हे कोडे शंभरेक वर्षे छळत राहिले. १९६१ मध्ये आयबीएमच्या रॉल्फ लँडॉअर यांनी किल्ली दिली: बिट पुसताना उष्णता बाहेर टाकावीच लागते. पुसण्याआधी बिट शून्य किंवा एक असू शकतो, पुसल्यावर तो शून्यच असतो. पदार्थाच्या दोन शक्यतांची एक झाली, तर गमावलेल्या शक्यतेची भरपाई भोवतालाला करावी लागते. मॅक्सवेलच्या जीवालाही आपली स्मृती कधीतरी कोरी करावीच लागेल आणि तिथे त्याचा सगळा नफा संपेल, हे पुढे १९८२ मध्ये चार्ल्स बेनेट यांनी दाखवले.

यावर पहिला आक्षेप असा, की ही किंमत नगण्य आहे. आकडा पाहिला तर ते खरेच आहे. २७ अंश सेल्सिअसला ६४ गिगाबाइटची अख्खी स्मृती पुसायला किमान ऊर्जा लागते ती ज्यूलच्या सुमारे दीड अब्जांश. आजच्या चिप याच्या कित्येक पट ऊर्जा उधळतात, त्यामुळे नवी मुंबईतल्या डेटा सेंटरच्या वीजबिलाचा दोष लँडॉअरच्या मर्यादेला देता येणार नाही. पण या मर्यादेचे मोल बिलात नाहीच. जिथे काही पुसले जात नाही, त्या गणनेला अशी किमान किंमत नाही, हेही तीच सांगते. म्हणजे आजची बरीचशी उधळपट्टी निसर्गाने लादलेली नाही.

दुसरा आक्षेप जॉन अर्मन आणि जॉन नॉर्टन यांचा: दुसरा नियम वाचवायला तोच नियम आधी गृहीत धरला जातो. तर्क म्हणून तो वजनदार आहे आणि मला तो पूर्णपणे खोडता येईल असे वाटत नाही. मात्र २०१२ मध्ये फ्रान्समधल्या लिओं येथे प्रत्यक्ष मोजणी झाली. पाण्यात लेसरने तयार केलेल्या दोन खळग्यांपैकी एकात दोन मायक्रॉनचा काचेचा मणी, हाच या प्रयोगातला बिट. मणी कुठल्याही खळग्यात असो, त्याला ठरलेल्या खळग्यात आणायचे, म्हणजे बिट पुसायचा. हे जितके सावकाश केले, तितकी सरासरी उष्णता लँडॉअरच्या मर्यादेजवळ आली, पण तिच्याखाली गेली नाही.

मग ‘माहिती म्हणजेच ऊर्जा’ म्हणायला हरकत काय? वस्तुमान आणि ऊर्जा यांच्यातला विनिमय दर विश्वात सर्वत्र सारखाच असतो. बिटाचा दर तापमानावर ठरतो: निरपेक्ष तापमान दुप्पट झाले की त्याच बिटाची किमान किंमत दुप्पट, निम्मे झाले की निम्मी. शिवाय ही किंमत पुसण्याची आहे, जपण्याची नाही. हजार वर्षांपूर्वीचा ताम्रपट आपली अक्षरे जपायला कुठूनही ऊर्जा घेत नाही.