‘काही लागलं नाही’ म्हणण्याआधी

सायकलवरून पडलेल्या माणसाचे पहिले वाक्य ठरलेले असते, ‘काही लागलं नाही.’ कपडे झटकत आणि कोण कोण बघते आहे याचा अंदाज घेत तो उठतो, वाकडे झालेले हॅन्डल सरळ करतो आणि पायडल मारून निघतो. धक्का देणारा रिक्षावाला किंवा मोटारवालाही हुश्श करून पुढे जातो. पडणारा शाळकरी मुलगा किंवा मुलगी असेल, तर आणखी एक गोष्ट बरेचदा घडते. घरी कुणालाच काही कळत नाही.

मुले हे का लपवतात? कारण घरचा संवाद त्यांना पाठ असतो. पहिले वाक्य, ‘नीट बघून चालवता येत नाही का?’ आणि दुसरे, ‘उद्यापासून सायकल बंद!’ सायकल बंद होणे ही मुलांच्या दृष्टीने लहान शिक्षा नाही. शाळा लांब असलेल्या खेड्यातल्या मुलीच्या बाबतीत तर तिचे शिक्षणच धोक्यात येते. म्हणून तर बिहार सरकारने २००६ मध्ये नववीतल्या मुलींसाठी सायकल योजना सुरू केली. अशी सायकल गमावण्यापेक्षा गुडघ्याची जखम ओढणीखाली झाकणे मुलीला सोपे वाटते.

लपवलेले दुखणे

पण खरचटलेला गुडघा निदान दिसतो तरी. न दिसणारा मार जास्त धोक्याचा असतो. डोके आपटल्यावर मूल शुद्धीवर आहे, बोलते-चालते आहे, म्हणजे सारे ठीक आहे असे नव्हे. कवटीच्या आत रक्तस्राव होत असेल, तर त्याची लक्षणे काही तासांनीही दिसू लागतात. डोकेदुखी वाढत जाणे, पुन्हा पुन्हा उलटी होणे, अवेळी गुंगी येणे, असंबद्ध बोलणे, एका हाता-पायातली शक्ती कमी होणे, झटके येणे, नाकातून किंवा कानातून रक्त अथवा पाण्यासारखा स्राव येणे, यांपैकी काहीही दिसले तर वेळ न घालवता रुग्णालय गाठावे. डोक्याला मार लागल्यानंतर पहिला दिवस-दीड दिवस तरी मुलावर लक्ष हवे. आणि लक्ष ठेवायचे, तर आधी ते पडले होते हे घरात कळायला हवे.

दुसरा फसवा मार पोटाचा. पडताना हॅन्डलचे टोक पोटात रुतते. वरून लहानसा वळ दिसतो, पण आत यकृत, प्लीहा, स्वादुपिंड किंवा आतड्याला इजा झालेली असू शकते. संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी पोट दुखू लागते, उलट्या होतात आणि ‘बाहेरचे काहीतरी खाल्ले असेल’ म्हणून ओवा-पाणी दिले जाते. हॅन्डलच्या मुठीचे रबर फाटून आतली नळी उघडी पडली असेल, तर ते आजच बदला. खर्च किरकोळ आहे.

म्हणूनच घरात एक नियम करा आणि तो मुलांना बजावून सांगा, ‘पडलास तर सांग. सांगितल्याबद्दल सायकल बंद होणार नाही.’ मूल येऊन सांगेल तेव्हा पहिला प्रश्न ‘कुठे लागलंय?’ हाच असू द्या. चूक कुणाची, याची चर्चा नंतर शांतपणे होऊ शकते.

दहा मिनिटे थांबा

धक्का लहान असला तरी लगेच निघू नका. आधी रस्त्याच्या कडेला या, बसा, पाणी प्या. घाबरलेल्या अवस्थेत वेदना जाणवत नाहीत, त्या थोड्या वेळाने जाणवू लागतात. वाहनाचा नंबर लिहून घ्या किंवा मोबाइलवर फोटो काढा. पाहणाऱ्या एक-दोघांची नावे आणि फोन नंबर घ्या. मूल असेल, तर त्याने तिथूनच घरी फोन करावा. स्वतःचा फोन नसला तर शेजारच्या दुकानातून करावा. त्यासाठी घरचे दोन नंबर तोंडपाठ हवेत.

मोटार वाहन कायद्याच्या १३४ व्या कलमानुसार अपघातातल्या जखमीला वैद्यकीय मदत मिळवून देणे ही चालकाची जबाबदारी आहे. शंभराची नोट हातात कोंबून निघून जाण्याची मुभा त्याला नाही. मार गंभीर वाटला तर ११२ वर फोन करा. मोटार वाहनामुळे झालेल्या रस्ते अपघातातील जखमींसाठी केंद्र सरकारने मे २०२५ मध्ये विनारोख उपचारांची योजना लागू केली. तिच्यात ठरवून दिलेल्या रुग्णालयांत दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार सात दिवसांपर्यंत मिळतात. पोलिसांच्या झंझटीला भिऊन बघे दूर उभे राहतात, पण २०१९ च्या दुरुस्तीने मदत करणाऱ्या नागरिकाला कायद्याचे संरक्षण मिळाले आहे. त्याच्यावर नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही.

पुन्हा सायकलवर बसण्यापूर्वी पुढचे चाक दोन्ही गुडघ्यांत धरून हॅन्डल सरळ आहे का पाहा. चाक फिरवून ते ब्रेकला घासते का, हे बघा. दोन्ही ब्रेक दाबून पाहा. शंका आली तर सायकल हातात धरून चालत जा.

धक्का टाळायचा तर

रस्त्याच्या डाव्या बाजूने जायचे, हे सर्वांना ठाऊक असते. पण उभ्या गाड्यांना अगदी चिकटून जाऊ नये, हे फारसे कुणी शिकवत नाही. गाडीचा दरवाजा अचानक उघडला तरी लागणार नाही, इतके, म्हणजे साधारण एक मीटर अंतर ठेवा. गाडीत बसणाऱ्यांनीही एक सवय लावून घ्यावी. दरवाजा त्याच्या लांबच्या हाताने उघडावा. चालकाने डाव्या हाताने उघडला की अंग आपोआप वळते आणि मागून येणारी सायकल दिसते. ही सवय नेदरलँड्सच्या नावाने ओळखली जाते, आणि ब्रिटनने २०२२ मध्ये ती आपल्या वाहतूक नियमावलीत सुचवली.

चौकात ट्रक किंवा बसच्या डाव्या बाजूने पुढे घुसू नका. चालकाला आपल्या डाव्या कुशीतले सायकलस्वार दिसतीलच असे नसते. शिवाय लांब गाडी डावीकडे वळताना तिची मागची चाके पुढच्या चाकांपेक्षा आत येतात आणि कडेची सायकल सापडते. उजवीकडे वळण्यापूर्वी मागे वळून पाहावे, हात दाखवावा आणि मगच वळावे. संध्याकाळी मागे लाल दिवा किंवा परावर्तक आणि पुढे पांढरा दिवा हवा. पावसात रिमवर ब्रेक नीट धरत नाहीत, तेव्हा वेग कमी ठेवा. एका हातात छत्री नकोच, रेनकोट बरा. ओढणी बांधून घ्यावी, नाहीतर ती चाकात जाते.

आपल्या देशात २०२२ साली रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्यू पावली. त्यांत साडेचार हजारांहून अधिक सायकलस्वार होते. हे वाचून मुलांच्या सायकलला कुलूप घालू नका. येत्या रविवारी मुलाबरोबर किंवा मुलीबरोबर शाळेच्या वाटेने एक फेरी मारा. कोणता चौक अवघड वाटतो आणि कुठल्या वळणाची भीती वाटते, हे त्यांनाच विचारा, आणि ती जागा कशी पार करायची ते दोघांनी मिळून ठरवा.