वेषाचा गुन्हा कोणता?

गेल्या पावसाळ्यात अकोल्याकडील एक तरुण आमच्या अमरावतीच्या कचेरीत आला. धंद्याने शिंपी, जन्माने पुरुष, आणि स्वतःस पुरुषच म्हणविणारा. अंगावर साधी सुती साडी, पायांत दोन बोटे उंच टाचेची चप्पल. प्रवासात वाटेत एका शिपायाने त्यास हटकले, तासभर बसवून ठेवले व शेवटी चप्पल हातात घेऊन अनवाणी चालावयास लावले. बघ्यांनी टाळ्या पिटल्या. त्याने चोरी केली नव्हती, कोणास फसविले नव्हते, की कोणाची वाट अडविली नव्हती. खुर्चीच्या कडेवर बसून त्याने विचारले, "वकीलसाहेब, मले एवढंच सांगा, ह्यात गुन्हा कोन्ता?"

वाचकहो, हा प्रश्न वाचून आपणांपैकी काहींस हसू येईल, हे आम्ही जाणतो. परंतु हसण्यापूर्वी एक गोष्ट आठवावी. कोणी काय नेसावे हे ठरविण्याचा अधिकार दुसऱ्याने बळकाविला म्हणजे काय होते, हे आपल्या समाजाइतके कोणासच ठाऊक नाही. १९२८ च्या सुमारास इंदूर भागातील बलाई लोकांस तेथील सवर्णांनी फर्मान काढले की, त्यांनी जरीकाठी पगडी बांधू नये, रंगीत किनारीचे धोतर नेसू नये आणि त्यांच्या स्त्रियांनी सोन्याचांदीचे दागिने घालू नयेत. बलायांनी ते मानले नाही तेव्हा त्यांस विहिरींचे पाणी तोडले, गुरांची वाट बंद केली. बाबासाहेबांनी 'जातिभेदाचे निर्मूलन' या आपल्या १९३६ सालच्या भाषणात ही हकीकत मुद्दाम नमूद केली आहे. पगडीच्या जरीने कोणाचे काय बिघडत होते? काहीच नाही. बिघडत होते ते एवढेच की, पायरी ओळखू येईनाशी होत होती.

नोव्हेंबर १९२७ मध्ये अंबादेवी मंदिरप्रवेशाच्या प्रश्नावर बाबासाहेब येथे अमरावतीस परिषदेचे अध्यक्ष म्हणून आले होते. पुढच्याच महिन्यात महाडास त्यांनी स्त्रियांस वेगळे बोलावून सांगितले की, गुडघ्यापर्यंत नेसलेले लुगडे आणि हातापायांतील जड कथली-चांदीचे दागिने ही अस्पृश्यतेची खूण आहे, ती टाका. स्त्रियांनी ती तेथल्या तेथे टाकली. मंदिर, तळे आणि वस्त्र हे तीन प्रश्न त्यांच्या दृष्टीने निराळे नव्हते.

यावर आमच्याच एका ज्येष्ठ कार्यकर्त्याने आक्षेप घेतला, आणि तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. ते म्हणाले, "आम्ही पोतराजाचा घागरा उतरविला तो पुन्हा नेसविण्यासाठी काय?" आमच्या वाचकांतील वडीलधाऱ्यांना पोतराज आठवत असेल. वाढविलेले केस, कपाळभर हळदकुंकू, कमरेला खणाच्या तुकड्यांचा घागरा, पायांत चाळ, आणि स्वतःच्याच उघड्या अंगावर ओढावयाचा आसूड. मरीआईच्या नावाने आपल्याच घरातील एक पोर असे सोडले जाई व गावोगाव पसा पसरीत फिरे. गाव त्या घागऱ्याला हसत नसे. हात जोडीत असे. दक्षिणेकडे यल्लम्माचा जोगताही असाच लुगडे नेसून डोक्यावर परडी घेऊन फिरतो. १९५६ च्या धर्मांतरानंतर ठिकठिकाणी पोतराजांचे केस कापले गेले, घागरे जाळले गेले, आणि ते योग्यच झाले.

परंतु तो घागरा का जाळला? तो बायकी होता म्हणून नव्हे. तो नवसाने, जातीने आणि भुकेने लादलेला होता म्हणून. त्या पोरास कोणी विचारले नव्हते की, बाबा, तुला हे नेसावयाचे आहे काय? ज्याला विचारले नाही त्याच्या अंगावरून ते वस्त्र काढणे आणि जो स्वतःच्या मर्जीने व स्वतःच्या कमाईने नेसतो त्याच्या अंगावरून ते ओढणे, ह्या दोन गोष्टी बाहेरून सारख्या दिसल्या तरी एकमेकींच्या अगदी उलट आहेत. दुसरी गोष्ट करणारा माणूस बलायांची पगडी उतरविणाऱ्यांच्या पंक्तीस जाऊन बसतो.

आणि हे हसू तरी कोठून येते ते पाहा. तेच लुगडे रंगभूमीवर असेल तर आपला महाराष्ट्र डोक्यावर घेतो. नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे बालगंधर्व, हयातभर स्त्रीभूमिका करीत आले. घरंदाज बायका त्यांची साडी नेसण्याची ढब उचलीत, आणि १९६४ साली सरकारने त्यांना पद्मभूषण दिले. उंच टाच तर मुळात पुरुषाचीच. इराणचे घोडेस्वार रिकिबीत पाय रुतावा म्हणून ती वापरीत. तेथून ती युरोपात गेली, आणि फ्रान्सचा चौदावा लुई लाल टाचांचे जोडे घालून दरबारात मिरवीत असे. अठराव्या शतकात पुरुषांनी ती टाकली, मग ती बायकांची ठरली. ज्यास आपण निसर्गाचा नियम म्हणतो त्याचे वय पुष्कळदा एवढेच असते.

आता आपल्या वऱ्हाडातील शेत पाहा. पऱ्हाटीच्या वेचणीला आमच्या आयाबहिणी लुगड्यावर नवऱ्याचा पूर्ण बाह्यांचा सदरा चढवून जातात. ऊन लागत नाही, बोंडाच्या टोकांनी हात ओरबाडत नाहीत. आजवर त्या सदऱ्याला कोणी हसल्याचे ऐकिवात नाही. मुलगी पँट घालून महाविद्यालयात गेली तर ती पुढे गेली असे आपण म्हणतो, आणि मुलाने ओढणी घेतली तर तो खाली घसरला असे म्हणतो. ह्या वर-खालीच्या भाषेतच सारे आले. स्त्रीने पुरुषाचे घेतले तर ती पायरी चढते, पुरुषाने स्त्रीचे घेतले तर तो उतरतो, कारण स्त्री ही खालच्या पायरीवर आहे असे आपण गृहीत धरले आहे. चढत्या श्रेणीचा मान आणि उतरत्या श्रेणीचा अपमान असे जातीचे गणित बाबासाहेबांनी मांडले. तेच गणित येथे कपड्याच्या कपाटात शिरले आहे.

कोणी आमच्यापुढे विनयपिटक ठेवील व म्हणेल की, तेथे पंडकास उपसंपदा नाकारली आहे. नाकारली आहे, हे लपविण्याचे आम्हांस कारण नाही. पण तो भिक्खुसंघाच्या प्रवेशाचा नियम आहे. रस्त्याने जाणाऱ्या माणसाची चप्पल काढून घेण्याची सनद नव्हे. त्याच त्रिपिटकात श्रावस्तीच्या अंधवनात सोमा भिक्खुणीला मार स्त्रीबुद्धीवरून हिणवितो, तेव्हा ती त्यास बजावते की, चित्त स्थिर झालेल्यास मी स्त्री की पुरुष हा प्रश्नच उरत नाही. आम्ही सोमेच्या बाजूचे.

आता कायद्याकडे वळू, कारण त्या तरुणाचा प्रश्न कायद्याचा होता. पुरुषाने स्त्रीवेष करणे हा गुन्हा इंग्रजांनी एकदा खरोखरच लिहून ठेवला होता. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा पहिला भाग पुढे कैकाडी, कंजारभाट यांसारख्या जमातींस जन्मतः गुन्हेगार ठरविण्यास वापरला गेला. दुसरा भाग ज्यांस त्या कायद्याने 'षंढ' म्हटले त्यांच्याविषयी होता. त्यांची नोंदवही ठेवावयाची, आणि नोंद झालेला कोणी बाईसारखे कपडे वा दागिने घालून रस्त्यावर दिसला तर वॉरंटाशिवाय पकडावयाचा. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद. तो दुसरा भाग १९११ च्या नव्या कायद्यात गळाला. जमातींविषयीचा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. कागदावरून गेला, पण शिपायाच्या हाताला लागलेली सवय गेली नाही.

आज पोलीस पुष्कळदा महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ११० चे नाव घेतात. ते कलम रस्त्यावरील असभ्य वर्तनाविषयी आहे. नखशिखांत साडी नेसलेला माणूस त्यात कसा बसतो, हे आमच्या वीस वर्षांच्या वकिलीस अद्याप उमगलेले नाही. उलट १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नालसा खटल्यात सांगितले की, आपली लिंगओळख पोशाखातून, बोलण्याचालण्यातून प्रकट करणे हे घटनेच्या १९ व्या कलमातील अभिव्यक्तिस्वातंत्र्यात मोडते. २०१९ च्या कायद्याने तृतीयपंथी व्यक्तीस सार्वजनिक जागेत मज्जाव करणे वा घरातून, गावातून हुसकणे यास सहा महिने ते दोन वर्षे शिक्षा ठेवली.

येथे एक अडचण आहे आणि ती सांगितली पाहिजे. आमचा अशील स्वतःस तृतीयपंथी म्हणवीत नाही. तो म्हणतो, मी पुरुष आहे आणि मला हे आवडते. प्रतिपक्षाचा वकील उठून म्हणेल की, नालसा निकाल ह्याच्यासाठी नाही. आमचे उत्तर असे की, १९ वे व २१ वे कलम कोणा एका वर्गाची वतनदारी नाही, आणि २०१७ च्या पुट्टस्वामी निकालाने खासगीपणाचा हक्क मान्य करताना स्वतःच्या आयुष्याविषयी स्वतः निवड करण्याची मोकळीक त्यात धरली आहे. हक्क मिळविण्यासाठी माणसाने आधी निराळे नाव घ्यावे, अशी अट घटनेत कोठेही नाही. त्याच्यासाठी आम्ही वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार दिली आहे. ती देताना तो साडीतच आला होता, हे आम्ही आवर्जून नोंदवितो.

आता आपल्या स्वतःच्या घरातील एक गोष्ट. मध्यंतरी अकोल्याकडे आपल्या कार्यकर्त्यांची बैठक होती. शिष्यवृत्तीची रक्कम अडवून बसलेल्या एका अधिकाऱ्यास मोर्चाने जाऊन बांगड्या व साडीचोळीचा आहेर करावयाचा, असा ठराव आला. असे आहेर आपल्याकडे सर्वच पक्ष करतात, टाळ्याही पडतात. त्या बैठकीत मागच्या बाजूस बसलेली एक भगिनी उठली. तिने आपले दोन्ही हात वर केले आणि विचारले, "ह्या मी रोज घालते. ही शिवी कवापासून झाली?" काही वेळ कोणी बोलले नाही. मग कोणी विषय बदलू पाहिला, तर तिने तो बदलू दिला नाही.

ठराव मागे घेतला गेला. आगाऊ आणलेला बांगड्यांचा खोका दुसऱ्या दिवशी कासाराकडे परत गेला. त्याने चार फुटलेल्यांचे पैसे कापून घेतले. मोर्चा ठरल्या दिवशी गेला आणि निवेदनावर अधिकाऱ्याची पोच घेऊनच परतला.