भांगेचे बियाणे आणि संगमनेरचा सूर्य

1985 च्या अंमली पदार्थविषयक कायद्याच्या 14 व्या कलमान्वये धागा व बी यांसाठी भांगेच्या लागवडीस परवानगी देता येते. उत्तराखंडाने 2018 मध्ये ती दिली. महाराष्ट्रानेही द्यावी, असे म्हणणाऱ्यांनी संगमनेरचा सूर्य विचारात घेतला आहे काय? धाग्यासाठीचे युरोपीय वाण 16 तासांच्या दिवसांत उंच वाढतात. संगमनेरचा सर्वांत मोठा दिवस जेमतेम सव्वातेरा तासांचा. येथे ते अकाली फुलणार, खुजे राहणार. उत्तराखंडाप्रमाणे 0.3 टक्क्यांची मर्यादा ठेवली आणि नशाद्रव्य तिच्यापलीकडे गेले, तर बियाणेविक्रेता नामानिराळा. दहा वर्षांपर्यंतच्या सक्तमजुरीचे भय मात्र तळेगाव दिघ्याच्या कोरडवाहू शेतकऱ्याला! राहुरीच्या कृषी विद्यापीठाने आधी स्थानिक वाण पारखावेत, आणि वाणाच्या दोषाची जबाबदारी बियाणे विकणाऱ्यावरच टाकली जावी.