पोलादाच्या मुलखाला हवा न्यूट्रॉनचा स्रोत

भिलाईत रेल्वेचे रूळ घडतात, रायपूरजवळच्या उरला-सिलतरा पट्ट्यात लोखंडाच्या भट्ट्या धगधगतात. तरी इथल्या संशोधकाला पोलादाचं अंतरंग न्यूट्रॉननं तपासायचं असेल, तर मुंबईतल्या ट्रॉम्बेची वाट धरावी लागते. तिथली १०० मेगावॉटची ‘ध्रुव’ अणुभट्टी १९८५ पासून चालू आहे आणि अशा प्रयोगांसाठी देशभरातल्या विद्यापीठांची मुख्य भिस्त तिच्यावरच आहे. हे अवलंबित्व कमी व्हायला हवं.

न्यूट्रॉनवर विद्युतभार नसतो. त्यामुळे तो धातूत खोलवर शिरतो, पण हायड्रोजनशी गाठ पडली की विखुरतो. म्हणूनच रंगाच्या थराखाली मुरलेलं, गंज वाढवणारं पाणी त्याच्या मदतीनं टिपता येतं. जपानच्या रिकेन संस्थेनं नेमकं हेच केलं. तिथल्या ‘रान्स’ यंत्रात ७ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टचे प्रोटॉन बेरिलियमवर आदळतात आणि न्यूट्रॉन बाहेर पडतात. त्यासाठी युरेनियम लागत नाही, साखळी अभिक्रिया होत नाही. प्रोटॉनना वेग देणारा त्वरक बंद केला की न्यूट्रॉननिर्मितीही थांबते. लक्ष्याचा भाग मात्र किरणोत्सारी होतो, त्यामुळे भक्कम संरक्षक भिंती आणि अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी यांत तडजोड चालणार नाही.

अशा छोट्या स्रोताला ‘ध्रुव’ची तीव्रता येणार नाही, हा आक्षेप खरा आहे. पण प्रत्येक प्रयोगाला तेवढी तीव्रता लागत नाही. शिवाय अणुभट्ट्या कायमच्या नसतात. ट्रॉम्बेचीच ‘सायरस’ २०१० मध्ये बंद झाली, बर्लिन आणि साक्लेच्या संशोधन भट्ट्या २०१९ मध्ये. जर्मनी आणि फ्रान्स आता त्वरकावर चालणाऱ्या स्रोतांची आखणी करत आहेत.

आपल्याकडेही पाया आहे. बिलासपूरच्या गुरू घासीदास विद्यापीठात ३ दशलक्ष व्होल्टचा पेलेट्रॉन त्वरक आहे. त्याचा प्रवाह क्षीण असला, तरी लक्ष्य, शोधक आणि संरक्षण यांचं शिक्षण तिथे देता येईल. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या ‘लेहिपा’ त्वरकानं प्रोटॉनना २० दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टपर्यंत नेलं आहे, म्हणजे तंत्रही देशातच आहे. रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विद्यापीठानं याच केंद्राच्या साथीनं ‘विक्रम टीसीआर’ हे भाताचं वाण दिलं. त्याच भाताची मुळं मातीतलं पाणी कसं शोषतात, हेही न्यूट्रॉननं पाहता येईल.

म्हणून रायपूरची एनआयटी, कृषी विद्यापीठ, बिलासपूर आणि भिलाई यांनी अशा स्रोताचा एकत्र प्रस्ताव मांडावा, राज्यानं त्याला बळ द्यावं. यंत्राआधी माणसं घडवण्यासाठी पैसा मागावा. यंत्र उभारायला वर्षं लागतील, पण ते चालवणारी पिढी बिलासपुरात आजपासून तयार करता येते.