आधी शाळा, मग दिवे, शेवटी नळ

मैत्रिणींनो, परगावी गेलं की घरचे डोंगर नि देवळं पाहतात. आपल्या मनात मात्र वेगळेच प्रश्न येतात. इथं पाणी कुठून भरतात? मुलं शाळेला कुठं जातात? वाणसामान चांगलं मिळतं का? स्कॉटलंडमधल्या क्लाइड नदीकाठच्या न्यू लॅनार्क या लहानशा खेड्याला आज हेच प्रश्न विचारू या.

डेव्हिड डेल यांची सूतगिरणी इथं १७८६ साली सुरू झाली. नदीच्या जोरावर तिची चाकं फिरत. कामगारांसाठी दगडी चाळी बांधल्या. एकेका खोलीत अख्खं कुटुंब! रात्री मोठ्या पलंगाखालून चाकांचा छोटा पलंग ओढायचा आणि मुलांना निजवायचं. जागा पुरवायची ही युक्ती आपल्याला काही नवी नाही.

१८०० साली डेल यांचे जावई रॉबर्ट ओवेन कारभार पाहू लागले. पुढे त्यांनी दहा वर्षांखालच्या मुलांना गिरणीत घेणं बंद केलं आणि १८१६ साली गावात शाळा उघडली. नुकती चालू लागलेली मुलंसुद्धा तिथं येत. छडी नाही, दटावणी नाही. गाणी, नाच आणि भिंतीवर प्राण्यांची चित्रं. मी स्वतः वर्ग घेते म्हणून सांगते, एवढ्या चिमुरड्यांना छडीवाचून सांभाळणं हे काही खायचं काम नाही! गावच्या दुकानात चोख माल रास्त भावात मिळे आणि नफा शाळेच्या खर्चाला जाई.

१८९८ साली विजेचे दिवे आले. १९५५ पर्यंत वीज फुकट होती, मात्र रात्री दहाला दिवे बंद. शनिवारी तेवढी तासाची सवलत.

आणि घरात गार पाण्याचा नळ नि संडास? ते आले १९३३ साली! दिवे लागल्यावरही पस्तीस वर्षं बायकांनी बाहेरून पाणी आणलं. एवढं सुधारलेलं गाव, पण हे ओझं कुणाच्या हिशेबातच नव्हतं.

१९६८ साली गिरणी बंद पडली, गाव ओस पडू लागलं. पुढे एका विश्वस्त संस्थेनं घरं दुरुस्त केली आणि २००१ साली युनेस्कोनं जागतिक वारशात गावाची नोंद केली. आजही तिथं लोक राहतात.

तेव्हा मैत्रिणींनो, तुमच्या गावात किंवा सोसायटीत नव्या सोयींची यादी निघेल, त्या सभेला जरूर जा. पाणी आणि संडास पहिल्या ओळीत लिहायला लावा. बाकीचं सुचवायला पुष्कळ जण असतात!